स्मृतिचित्रांच्या लक्ष्मीबाई टिळक

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि नणंदेला दिवाळीची चिठ्ठी यापलीकडे हाताला लिहिण्याची सवय नाही. मोठमोठ्या शिकलेल्या बायकांच्या ओळीत मी काय लिहिणार? पण बाई काही ऐकेनात. मग विचार करता करता एका बाईची आठवण झाली. त्यांनी तर शाळेची पायरीही चढलेली नव्हती. जोडाक्षरांशी त्यांचे कधी फारसे जमले नाही. तरीसुद्धा त्यांनी लिहिलेले पुस्तक मराठी भाषेतल्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आणि त्या आपल्या नगरात अनेक वर्षे राहिल्या, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊकही नसेल. (आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण जुनी सवय म्हणून मी नगर असेच लिहिते, त्याबद्दल राग नसावा.)

आजकाल मानवी हक्क हा शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. माणसाला माणूस म्हणून जगण्याचा हक्क, इतका त्याचा साधा अर्थ मला कळतो. हे काम कायद्याचे आणि पुढाऱ्यांचे, असे आपल्याला वाटते. पण गाणे, कविता आणि लिहिलेले पान हेही हे काम करते, आणि आपल्या जिल्ह्यात तर फार जुन्या काळापासून करीत आले आहे. आपल्या नेवाशाला इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ज्यांना संस्कृत शिकण्याची मुभा नव्हती, त्या बायकांना आणि कष्टकऱ्यांना तो त्यांच्या भाषेत मिळाला. पुढे १८४२ साली नगरात अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' नावाचे पत्र काढले. त्याच ज्ञानोदयात १८५५ साली मुक्ता साळवे या पुण्याच्या मुलीचा निबंध छापून आला. ही मांग समाजातली मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय अवघे चौदा वर्षांचे. मांग-महारांच्या वाट्याला आलेले दुःख तिने त्यात असे मांडले की आजही वाचताना मान खाली जाते. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे आपल्या नगरातच, मिस फॅरार यांच्याकडे घेतले होते. अशा या नगरात लक्ष्मीबाई आल्या. त्यांची हकीकत मी माझ्या परीने सांगते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर गावी. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. लाडाने मनू म्हणत. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना इंग्रज सरकारने फाशी दिले होते. त्या प्रसंगाचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनाला असा काही बसला की त्यांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. कोणाचा स्पर्श, कोणाची सावली, कशाकशाने विटाळ होईल याचा नेम नसे. घरातली बायकापोरे सतत धाकात. अशा घरात लहानगी मनू वाढली. विटाळ म्हणजे काय, हे तिने अक्षर शिकण्याच्या आधी शिकले, असे म्हटले तरी चालेल. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे या बाईंनी काय केले त्याची किंमत याच्यावरून कळते.

त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला, बुद्धिमान, कवी, उत्तम संस्कृत जाणणारा. पण स्वभाव भारी लहरी. घरात चार पैसे आले की कोणाची तरी नड भागवून मोकळे व्हायचे. आज या गावी तर उद्या त्या गावी. कधी न सांगता निघून जायचे आणि महिनोन् महिने पत्ता नसायचा. लक्ष्मीबाईंनी किती वेळा संसार मांडला आणि किती वेळा गुंडाळला याची मोजदाद नाही. काही मुले लहानपणीच गेली. १८९१ साली दत्तू झाला आणि तो जगला. नवऱ्याने त्यांना अक्षरओळख करून दिली, पण शिकवणाऱ्याला धीर नाही आणि शिकणारीला वेळ नाही, असा तो प्रकार होता. जे काही वाचता येऊ लागले, ते चूल आणि पाळणा यांच्या मधल्या वेळात.

पुढे राजनांदगावच्या नोकरीवर जात असता टिळकांना आगगाडीत एक मिशनरी भेटला आणि त्याने त्यांना बायबल वाचायला दिले. टिळकांचे मन आधीपासूनच अस्वस्थ होते. जातिभेद त्यांना पटत नव्हता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

ही बातमी लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर. पदरी चार वर्षांचा मुलगा. भगिनींनो, त्या बाईच्या जागी आपण आहोत असे क्षणभर मनात आणून पाहा. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. गेले तर धर्म सुटतो, आईबापांचे दार बंद होते. न जावे तर जन्मभर लोकांच्या दयेवर राहायचे. या सगळ्यात बाईला काय वाटते हे कोणी विचारीत नव्हते. नवऱ्याने आपला निर्णय घेतला, नातलगांनी आपला घेतला, आणि ती मधल्यामध्ये होरपळली. तिला वेड लागेल की काय, अशी नातलगांना धास्ती पडली. पुढे त्यांची बहीण आणि मेहुणे यांनी त्यांना पंढरपुरी आपल्याकडे ठेवून घेतले. जवळजवळ पाच वर्षे ही ताटातूट चालली.

याच दिवसांत लक्ष्मीबाईंना कविता सुचू लागल्या. ओवी आणि पदे आपल्याकडे बायकांच्या ओठांवर असतातच. जात्यावर बसून आपल्या आज्यांनी आपले दुःख दळणाबरोबर दळले. पण लक्ष्मीबाईंचे शब्द कागदावर उतरू लागले. ज्या बाईला बोलायला जागा नव्हती, तिला कवितेने जागा करून दिली. त्यांच्या कविता पुढे 'भरली घागर' या नावाने संग्रहित झाल्या. मला हे नाव फार आवडते, कारण त्यांच्या आयुष्याची सगळी गोष्ट पाण्याच्या घागरीभोवती फिरते. कसे ते पुढे सांगते.

टिळक पत्रे लिहीत, भेटायला येत. त्यांनी बायकोला टाकले नव्हते. ते आता नगरात मिशनचे काम करीत होते. अखेर लक्ष्मीबाईंनी मनाशी ठरवले आणि मुलाला घेऊन त्या नगरास आल्या. पण धर्म बदलायला नाही. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. आपले पाणी आपण भरायचे, आपले अन्न आपण शिजवायचे, कोणाच्या हातचे घ्यायचे नाही. टिळकांनीही बायकोवर जुलूम केला नाही. तिचा धर्म तिने पाळावा म्हणून तिच्या सोयीने सगळी व्यवस्था केली. मला वाटते, त्या काळात नवऱ्याने बायकोला एवढी मोकळीक देणे ही लहान गोष्ट नव्हती. आजसुद्धा किती घरांत ती मिळते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

तो काळ फार वाईट होता. प्लेगने शहरे ओस पडत होती. १८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला आणि आईबाप गमावलेली पोरे मिशनच्या आश्रयाला येत होती. कोण कुठल्या जातीचे, हे विचारायला वेळ नव्हता. भूक सगळ्यांची सारखीच होती. नगर आणि राहुरी इथल्या त्या वास्तव्यात लक्ष्मीबाईंच्या मनात एक विचार घोळू लागला. या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर त्याने माणसांच्या अंगावर काही खूण ठेवली असती. गाय आणि घोडा आपल्याला न सांगता वेगळे ओळखू येतात. माणसे तशी येत नाहीत. मग हे भेद माणसानेच केलेले असणार, आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते. एवढ्या सरळ वाटेने त्या त्या निर्णयाला आल्या. त्यात कोणत्या पुस्तकाचा आधार नव्हता आणि कोणा पुढाऱ्याचे भाषण नव्हते. घरात बसून, हाताने काम करता करता एका बाईने केलेला तो विचार होता.

आणि विचार करून त्या थांबल्या नाहीत. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे आणि कोणाच्याही हातचे अन्न खायचे, असे त्यांनी ठरवले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांनी आधी जात सोडली आणि धर्म नंतर बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म ज्याचा त्याचा, त्याविषयी मी काही बोलणार नाही. आपण आपापल्या देवाला हात जोडणाऱ्या बायका. पण पाण्याचा तो पेला त्यांनी ज्या दिवशी ओठाला लावला, तो दिवस मला सगळ्यांत मोठा वाटतो. मिठामिरचीचाही विटाळ मानणाऱ्या बापाची ही लेक. लहानपणी अंगात भिनलेली गोष्ट उपटून काढताना काय होते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक.

पुढची बरीच वर्षे टिळकांचे बिऱ्हाड नगरात होते. ते घर म्हणजे धर्मशाळाच होती, म्हणा ना. अनाथ मुले, वाट चुकलेली माणसे, होतकरू कवी, ज्याला कोणी नाही त्याला टिळक घरी घेऊन यायचे. घरात आहे काय, नाही काय, हे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे. प्लेगच्या साथीत मिशनच्या वसतिगृहातल्या मुलींची काळजी त्यांनी वाहिली. तारा नावाच्या मुलीला पोटच्या पोरीप्रमाणे वाढवले. खानदेशातल्या धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांना आपण शाळेच्या पुस्तकात बालकवी म्हणून वाचले, तेही नगरात या घरी राहून गेले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. हे गुणी कवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात अकाली गेले.

टिळकांचे एक काम इथे सांगितले पाहिजे, कारण ते गाण्याच्या संबंधात आहे. त्या वेळी ख्रिस्ती देवळात इंग्रजी चालींवरची, भाषांतर केलेली गीते म्हणत. खेड्यातून आलेल्या गोरगरीब माणसांना त्या चाली परक्या वाटत. टिळकांनी अभंग आणि भजने रचली, टाळ-मृदंगाच्या साथीने म्हणता येतील अशी. कीर्तनाची पद्धत आणली. महार-मांग समाजातून आलेल्या माणसांना आपल्या मातीतले गाणे आपल्या तोंडाने गाण्याचा मान त्यातून मिळाला. ज्या विठोबाच्या देवळाची पायरी त्यांच्यासाठी बंद होती, त्या विठोबाच्या वारकऱ्यांची चाल मात्र कोणी त्यांच्यापासून हिरावून घेऊ शकले नाही. चोखोबाही पायरीशी उभे राहूनच गायले आणि सोयराबाईंनीही विटाळाविषयी अभंगातूनच प्रश्न केला. गाण्याला कुलूप लावता येत नाही, हेच खरे.

१९१२ पासून टिळक ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. ते 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य लिहीत होते, ते अपुरे राहिले. दहा-अकरा अध्यायच झाले होते. आणि आता चमत्कार पाहा. ज्या बाईला शुद्ध लिहिता येत नाही म्हणून नवरा चिडत असे, तिनेच ते काव्य पुढे चालवले आणि ६४ अध्याय रचले! विद्वानाने सुरू केलेले आणि निरक्षर म्हणावी अशा बाईने तडीस नेलेले दुसरे काव्य माझ्या तरी ऐकिवात नाही.

टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई मुलाबरोबर राहिल्या. मुलगा देवदत्त म्हणजे आपला दत्तू. त्याच्या नोकरीमुळे काही काळ त्या कराचीलाही होत्या. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईला सांगितले की, तुला जे आठवते ते लिहून काढ. म्हणजे लिहायचे होते ते नवऱ्याविषयी. त्या लिहायला बसल्या आणि आठवणीत आठवण गुंतत गेली. नवऱ्याच्या चरित्रासाठी जमवलेले टिपण हळूहळू बायकोची कहाणी होऊन बसले. त्या आठवणी आधी 'संजीवनी' या पत्रातून आल्या आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' या नावाने त्यांचे भाग पुस्तकरूपाने निघाले. पहिला भाग निघाला तेव्हा लक्ष्मीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. चौथा भाग लिहीत असतानाच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. तो भाग देवदत्तांनी पुरा केला. पुढे त्यांचे नातू अशोक टिळक यांनी पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती काढली. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली, त्यांतले शांता गोखले यांचे २०१७ सालचे आहे. जलालपूरच्या मनूचे नाव आता दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले आहे.

या पुस्तकात काय आहे? रोजचे जगणे आहे. कोणाविरुद्ध तक्रार नाही, रडगाणे नाही. सोवळ्याने पछाडलेला बाप, तापट नवरा, छळणारे आणि माया करणारे नातलग, या सगळ्यांविषयी त्या हसत हसत सांगतात, आणि सर्वांत जास्त हसतात त्या स्वतःला. वाचताना आपणही हसतो आणि मध्येच डोळ्याला पदर लावतो. मग पुस्तक मिटल्यावर लक्षात येते की, या बाईच्या बाबतीत किती अन्याय झाला होता, तिला विचारल्यावाचून किती गोष्टी ठरवल्या गेल्या होत्या. त्यांनी कोठे हक्क हा शब्द घोकलेला नाही. पण बाई ही एक संपूर्ण माणूस आहे, तिला मन आहे, विनोदबुद्धी आहे, स्वतःचा विचार आहे, हे त्यांनी पानापानावर दाखवून दिले. भाषणाने जे होत नाही ते गोष्टीने होते, ते असे.

त्यांच्या काळातच महाराष्ट्रात पाण्याच्या हक्काची मोठी लढाई झाली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. त्याआधी १० डिसेंबर १९४८ रोजी जगातल्या अनेक राष्ट्रांनी मिळून मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या पहिल्या कलमात इंग्रजीत आधी सगळे पुरुष असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून सगळी माणसे असे करा, असा आग्रह आपल्या देशाच्या प्रतिनिधी हंसा मेहता या बाईंनी धरला आणि तो मान्य झाला. एक शब्द बदलला आणि त्यात तुम्ही-आम्ही सगळ्याजणी आलो. शब्दाचे मोल किती असते पाहा.

आता थोडे माझे सांगते. सांगावे की न सांगावे, याचा मी पुष्कळ विचार केला. पण लक्ष्मीबाईंनी स्वतःचे काही लपवले नाही, तर त्यांच्याविषयी लिहिताना मी तरी का लपवावे?

माझ्या माहेरी पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असे. कोणासाठी, हे तुम्हांला सांगायला नको. आजी त्यात वरून चहा ओतायची. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नाही. लग्न होऊन मी शहरात आले. कोनाडा गेला, पण माझ्या मोरीच्या कडेला एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी. कोणी विचारले असते तर मी म्हटले असते की, छे, आमच्याकडे तसले काही नाही. आणि मला ते खरेच वाटले असते. पेला काही तुटका नव्हता, चांगला घासलेला होता. तो फक्त वेगळा होता.

तीन वर्षांमागे वाचनालयातून मी 'स्मृतिचित्रे' आणले. दुपारची कामे आटोपली की वाचायची. ज्या दिवशी पाण्याचा तो भाग वाचला, त्या दिवशी मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि तो पेला उचलून मांडणीवर आमच्या पेल्यांत ठेवून दिला. मोठे काही केले असे वाटून मी मनात खूषही झाले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उन्हाचे दिवस होते. मी माठातले पाणी आमच्या तांब्याभांड्यात घालून त्यांच्या हाती दिले. त्यांनी भांडे हातात घेतले, माझ्याकडे पाहिले आणि तोंड न लावता वरून पाणी प्यायल्या. भांडे स्वतः विसळून उपडे ठेवले आणि कामाला लागल्या.

भगिनींनो, त्या दिवशी मला जेवण गेले नाही. मला वाटले होते की पेला बदलला म्हणजे झाले. पण इतकी वर्षे मी त्यांना जे शिकवले होते, ते एका दिवसात कसे पुसले जाणार? त्या पेल्याचा अर्थ त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होता. कळत नव्हता तो मला. मग एके दिवशी धीर करून मी त्यांच्याजवळ बसले आणि चुकले म्हटले. त्या हसल्या आणि दुसऱ्याच विषयावर बोलू लागल्या. आता आम्ही दुपारी एकत्र चहा घेतो. त्या भांड्याला तोंड लावतात. पण त्या हसण्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही, आणि तो लागेपर्यंत आपण फार सुधारलो असे मी म्हणणार नाही.

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला आपण विधवा भगिनींना बोलावू लागलो, तेव्हाही थोडी कुजबूज झालीच होती. आज ती नाही. एक एक गोष्ट अशीच सुटते. कायदा दार उघडून देतो, पण उंबरा आपला आपल्यालाच ओलांडावा लागतो. तो ओलांडायचे बळ कधी एखाद्या गाण्यातून येते, कधी एखाद्या पुस्तकातून. मला ते एका सासुरवाशिणीने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतून मिळाले.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्या कपाटात हिशेबाच्या वह्या आहेत, भिशीच्या आहेत. तशी एक वही आठवणींची ठेवावी. ज्या बाईला जे आठवते ते तिने त्यात लिहावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. आणि त्या वहीत आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांच्याही आठवणी असाव्यात. त्या वेगळ्या वहीत नकोत, त्याच वहीत हव्यात.

लक्ष्मीबाईंचे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. मंडळाच्या कपाटासाठी एक प्रत मी देत आहे, तिचा स्वीकार व्हावा. माझ्या लिहिण्यात काही कमीजास्त झाले असेल तर ते एका सातवी शिकलेल्या बहिणीचे म्हणून पोटात घालावे. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, ही देवाजवळ प्रार्थना करून इथे थांबते.